एकही पाना वाजला नाही

४ जून

प्रिय खारूताई,

तुझं पार्सल मिळालं. दोन्ही कादंबऱ्या वाचून झाल्या, एक आवडीने आणि एक हट्टाने. छापायच्या आधीच्या कच्च्या प्रतींना खाकी कव्हर घालून, लेखकाचं नाव काढून पाठवायची तुझी युक्ती मला पटली. मागे एकदा मोठं नाव बघून मी दोनशे पानं 'वा वा' करत वाचली होती. नंतर ध्यानात आलं, मी नावालाच वा वा करत होतो, पुस्तक बिचारं बाजूला बसलं होतं.

पहिली, डॉक्टरची. चारशे दहा पानं. डॉक्टरसाहेबांना एके सकाळी वाटतं की आपलं आयुष्य पोकळ आहे. मग ते डोंगरावर जातात. तिथे तीनशे पानं विचार करतात आणि त्यांना कळतं, की खाली आपल्याला बायको आहे. अगं, हे तिने सकाळी चहा देतानाच सांगितलं असतं! आणि ऐक, यातला न्यायाधीश, डॉक्टर, गुराखी, सगळे एकाच तोंडाने बोलतात. गुराखी म्हणतो, 'अस्तित्वाचा भार असह्य होतो.' आमच्या वर्कशॉपातल्या लेथवाल्याने विचारलं, गुरांचा का?

दुसरी, लिफ्ट चालवणाऱ्या बाईची. ही मात्र अस्सल. बाई दिवसभर खालीवर करते आणि माणसांच्या पाठी वाचते. साहेब आज रागावून चाललाय हे तिला त्याच्या मानेवरून कळतं. फक्त एका ठिकाणी लेखक घसरला. तळघरातली पाण्याची मोटर सुरू झाली आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईला पत्ता नाही, असं लिहिलंय. पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे मांजर नव्हे! ते वाक्य बदलायला सांग आणि बाकी पुस्तकाला हात लावू नका.

तुझे प्रकाशक साहेब विचारतात आमची वाचायची पद्धत काय, म्हणून सांगतो. जेवणानंतर अर्धा तास वर्कशॉपातली सगळी यंत्रं बंद. मी स्टुलावर बसून मोठ्याने वाचतो, आठजण ऐकतात. ज्याला वाक्य खोटं वाटेल त्याने हातातला पाना टेबलावर वाजवायचा. तीन पाने वाजले की पुस्तकातल्या त्या पानाला खूण. डॉक्टरच्या वेळी इतके पाने वाजले, की शेजारचा दुकानदार विचारायला आला, काही मोठी ऑर्डर मिळाली का?

मी काही शिकलेला नाही हे तू साहेबांना सांगितलंच असशील. चाळीस वर्षं मोटरी आणि पंप दुरुस्त करतोय. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, बेअरिंग स्वतः सांगतं मला काय झालंय ते. कादंबरीचंही तसंच. माझे कान खोटं बोलत नाहीत.

मामी म्हणते, बायकोचं सोडून सगळ्यांचं ऐकू येतं यांना. 'तिला आशीर्वाद कळवा' असंही म्हणाली, म्हणजे ते तुला.

तुझा,
मामा


१२ जून

मामा,

लिफ्टच्या कादंबरीतली मोटर बदलली. लेखक म्हणाले, 'हे कोण गृहस्थ आहेत? मला वाटलं होतं कोणाच्या लक्षात येणार नाही.' साहेब तुझी पत्रं आता ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवतात. गुराख्याच्या गुरांवर तर ते दहा मिनिटं हसले. डॉक्टरची कादंबरी मात्र छापणार आहेत, कारण लेखकही डॉक्टरच आहेत आणि ते स्वतःच दीड हजार प्रती घेणार आहेत.

या वेळी एकच पाठवते. लेखिका नवी आहे. वय साठीच्या आसपास, आधी एक ओळ छापलेली नाही. साहेबांना आवडली, मला आवडली, पण तिला आमच्यावर विश्वास नाही. ती म्हणते, 'तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला दुःख दिसलं की आवडतंच.' मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. पद्धत सांगितली, पान्याचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'त्यांनाच द्या. त्यांना खरं वाटलं तर छापू.'

म्हणजे, मामा, या वेळी तुझा शब्द शेवटचा आहे. घाईने वाचू नकोस. जे वाटेल ते लिही, गोड करू नकोस. एकच विनंती, शेवटपर्यंत वाच.

आई बरी आहे. तिच्याबद्दल तू विचारत नाहीस आणि तुझ्याबद्दल ती विचारत नाही, त्यामुळे मीच दोन्हीकडे सांगत असते. पोस्टमनचंसुद्धा एवढं काम नसतं.

तुझी,
खार


२ जुलै

प्रिय खारूताई,

साठीची बाई? पहिलंच पुस्तक? तिला माझा नमस्कार सांग, आणि साहेबांना सांग, यंदाच्या वर्षात इतकं चांगलं काही माझ्या कानावर पडलं नाही.

बेकरीवाला भाऊ आणि त्याची धाकटी बहीण. बाप गेल्यावर भाऊ बेकरी काढतो, बहिणीचं कॉलेज सुटतं, ती काउंटरवर बसून ऑर्डरी लिहून घेते. 'दोनच वर्षं' म्हणतो आणि सहा होतात. काय माणूस रंगवलाय! पाव हातात घेऊन बोटाने टिचकी मारतो, कानाजवळ नेतो आणि म्हणतो, 'कच्चा आहे.' सगळ्या जगाला शहाणपण शिकवतो. स्वतःच्याच विनोदावर आधी हसतो. मी वाचताना हसून हसून स्टुलावरून पडायचा बाकी होतो. असले नग मी पाहिलेत. आमच्या चौकातला फरशीवाला अगदी हुबेहूब असाच! लेखिका त्याला ओळखत असणार.

आणि नवल ऐक. सहा दिवस वाचन चाललं, एकही पाना वाजला नाही. असं आजवर झालेलं नाही. आठ माणसं श्वास रोखून ऐकत होती. विनोदालासुद्धा कोणी हसलं नाही, एवढी रंगली होती. संपल्यावर आमच्या म्हाताऱ्या फिटरने विचारलं, 'मालक, लिहिलंय कोणी?' म्हटलं, कोणी नवी बाई आहे. 'असं होय,' म्हणाला आणि हात धुवायला गेला. त्याचे हात स्वच्छच होते.

आता पाना मी वाजवतो. तीनदा.

एक. बहिणीचा राग. नव्या भट्टीच्या उद्घाटनात भाऊ भाषणात म्हणतो, 'हे सगळं मी एकट्याने उभं केलं.' बहीण दुसऱ्या रांगेतून उठते, निघून जाते, आणि पुढे वर्षानुवर्षं बोलत नाही. एवढ्याशा वाक्यावरून? असं तर प्रत्येक उद्घाटनात बोलतात. मीही बोललो असेन. माणसं भांडतात ती खऱ्या कारणावरून. आता आपल्याच घरात बघ. तुझी आई नऊ वर्षं माझ्याशी बोलत नाही, पण त्याला कारण आहे. नव्या शेडची फीत कापायला मी तिला न बोलावता बँकेच्या मॅनेजरला बोलावलं. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. चूक असेल माझी, पण कारण तरी धडधडीत आहे.

दोन. बहीण जाताना खुर्चीवर एक पुडकं ठेवून जाते. त्यात काय होतं ते बाईंनी शेवटपर्यंत सांगितलेलंच नाही. यंत्र उघडून एक पुर्जा बाहेर विसरावा तसं वाटतं.

तीन, आणि हे सगळ्यात मोठं. शेवटचं प्रकरण. भाऊ एवढ्या वर्षांनी फुलं घेऊन बहिणीच्या दारात येतो आणि माफी मागतो. खोटं! साफ खोटं! खारूताई, हा माणूस पहिल्या पानापासून मी कानाने ओळखतो. असला माणूस येत नाही. त्याला आपण काय केलं हेच मुळात ठाऊक नसतं, तर येणार कशाला? ते प्रकरण कापून टाका. पुस्तक आहे त्याहून धारदार होईल.

बेकरीवाल्याला कोणीतरी आरसा दाखवायला हवा, असं मामी म्हणाली. मी म्हटलं, अगदी बरोबर. तर माझ्याकडे बघत बसली.

तुझा,
मामा


९ जुलै

मामा,

तुझं पत्र मी लेखिकेला जसंच्या तसं वाचून दाखवलं. एक अक्षर गाळलं नाही, तसं तिनेच बजावलं होतं. फरशीवाल्यापाशी ती हसली. खूप हसली. डोळे पुसावे लागले इतकी.

मग शेवटच्या प्रकरणावरचं तुझं मत ऐकून ती जे म्हणाली, ते मी लिहून घेतलंय, तेच पाठवते:

'ते बरोबर बोलतात. असा माणूस येत नाही. ते प्रकरण मी लिहिलं कारण मला ते हवं होतं, आणि आपल्याला हवं असलं म्हणजे ते खरं होत नाही. काढून टाकते. पण ते काढलं की मागे काय उरतं? नुसती तक्रार. तक्रारी मी तरुणपणी पुष्कळ लिहिल्या, सहा वर्षं, दुसऱ्यांच्या. आता स्वतःची छापून घरोघर वाटायची नाही मला. पुस्तकच परत द्या.'

साहेबांनी तिला खूप समजावलं. तिने ऐकलं नाही. त्यांनी एकतीस जुलैपर्यंत मुदत मागून घेतलीय. तोवर तिचा विचार बदलला नाही तर प्रत परत जाईल, आणि तिच्या घरी ती कुठे ठेवली जाईल ते मला माहीत आहे. कपाटात वरच्या फळीवर, जिथून पुन्हा काही खाली येत नाही.

मी तुला काही सांगायचं नाही असं वचन दिलंय, म्हणून सांगत नाही. फक्त एवढंच म्हणते, सहा दिवसांत एकही पाना का वाजला नाही, हे तू त्या आठजणांना विचारलंस का?

तुझी,
खार


२३ जुलै

खारूताई,

पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. कारण आधी मला राग आला, मग लाज, आणि मग दाढदुखी. दाढ खरीच दुखत होती, मामीला विचार.

तुझं पत्र मी नेहमीसारखं जेवणानंतर वाचून दाखवलं. वाचता वाचता 'तक्रारी लिहिल्या, दुसऱ्यांच्या' या ओळीवर माझी जीभ अडखळली. बेअरिंगमध्ये खडा आला की अडखळतं तशी. पण मी पुढे रेटलं. म्हटलं, 'काय रे, खारूताई विचारतेय पाना का वाजला नाही?'

सगळे डब्यांकडे बघायला लागले. लेथवाला म्हणाला, 'मालक, चहा सांगू का?'

'चहा नको. उत्तर दे.'

तेव्हा म्हातारा फिटर म्हणाला, 'मालकाच्या चरित्रावर पाना वाजवायचा कोणी?'

मी म्हटलं, 'कोणाचं चरित्र? तो तर फरशीवाला आहे!'

त्यावर मात्र आठजण हसले. सहा दिवस दाबून ठेवलेलं हसू एकदम सुटलं. पोरांनो, शरम करा म्हणालो, तर लेथवाल्याने डब्यातली पोळी उचलली, तिला टिचकी मारली, कानाला लावली आणि माझ्या आवाजात म्हणाला, 'माझे कान खोटं बोलत नाहीत.'

मी उठून ऑफिसात जाऊन बसलो. थोड्या वेळाने म्हातारा आत आला आणि दार लावून घेतलं. बाहेर तो मला मालक म्हणतो. आत म्हणाला, 'अरे, तू माईकसमोर होतास. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर. फीत कोण कापतंय इकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं, ती टाळ्या वाजवत होती. तू म्हणालास, हे सगळं मी एकट्याने उभं केलं, या दोन कानांच्या जोरावर. तिच्या टाळ्या थांबल्या. मग ती उठली.'

'मग तू मला नऊ वर्षांत का नाही सांगितलंस?'

'तू विचारलंस कधी? तू तर सगळ्यांना फितीची गोष्ट सांगत होतास. मला वाटलं, तुला तीच सोयीची आहे.'

आणि त्याने आपल्या लॉकरमधून एक पुडकं आणून माझ्यासमोर ठेवलं. सुतळीची गाठ तशीच. खुर्चीवर राहिलं होतं, म्हणाला. मालकीण परत येऊन मागेल म्हणून जपून ठेवलं.

तिला तो मालकीण म्हणतो, हेही मला त्याच दिवशी ऐकू आलं.

पुडकं सोडलं. आत काचेची चौकट आणि चौकटीत एक कार्ड. आमचं सगळ्यात पहिलं. तेव्हा गिऱ्हाईक फोनवर तक्रार सांगायचं, ती कार्डावर उतरवायची, आणि कार्ड वाचून मी यंत्राला हात लावायचो. तिच्या अक्षरात आहे:

'घरगुती पंप. सकाळी खोकतो, पाणी उचलत नाही. वरून तांब्याभर पाणी ओतलं की सुधारतो, मग दिवसभर बरा. बाई म्हणतात, नवऱ्यासारखा. मला वाटतं, रात्रीतून पाणी खाली उतरत असावं.'

आणि त्याखाली, पेन्सिलीने, माझ्या अक्षरात: 'पाइपाच्या तळाची झडप, फुटव्हॉल्व, गळत होता. छोटी, तू म्हणालीस तेच निघालं. शाब्बास.'

खारूताई, मी यंत्र न उघडता दोष सांगतो म्हणून माझं नाव झालं. गावभर झालं. ते नाव या कार्डांवर झालं. ती आधी ऐकायची, मग मी ऐकायचो. तिने सहा वर्षं खोकणारे, कण्हणारे, रुसणारे पंप लिहून लिहून माझ्या कानांना शब्द दिले आणि मी माईकसमोर म्हणालो, दोन कान. माझे.

त्या बाईंना, म्हणजे तुझ्या आईला, माझे तिन्ही आक्षेप मागे घेतल्याचं सांगू नकोस. ते मीच सांगतो. तू मला चांगलंच फसवलंस. शाब्बास.

तुझा,
मामा


२४ जुलै

प्रिय छोटी,

नऊ वर्षांनी लिहितोय, तेव्हा आधी कामाचं.

तुझी कादंबरी वाचली. पहिला आक्षेप मागे. वाक्य एवढंसं नव्हतं. दुसरा आक्षेप मागे. पुडक्यात काय आहे ते मी पाहिलंय, आता माझ्या टेबलावर उभं आहे. पुस्तकात ते बांधलेलंच राहू दे. ज्याने उघडायचं त्याने उघडलं.

तिसरा. शेवटचं प्रकरण कापू नकोस. मी म्हणालो होतो, असला माणूस येत नाही, कारण त्याला आपण काय केलं ते ठाऊकच नसतं. हे मी अजूनही म्हणतो. पण त्याला ठाऊक झालं तर तो काय करील, हे मी सांगायला नको होतं. तेवढं तुला माझ्यापेक्षा आधी ऐकू आलं. नेहमीसारखंच.

एक दोष मात्र खराच आहे आणि तो मी मागे घेणार नाही. फुलं. अगं, या माणसाने जन्मात कधी फुलं विकत घेतलीत का? तो दारात येऊन आठ ओळींची माफी मागेल? त्याच्या घशातून दोन शब्द निघतील आणि तेही खोकत. तो हत्यारांची पेटी घेऊन येईल. दारातूनच म्हणेल, मिक्सरचा आवाज येतोय, बघू. आणि मिक्सर उघडून, मान खाली घालून, जे सांगायचं ते मिक्सरला सांगेल. बहिणीने ऐकलं तर ऐकलं.

फितीची गोष्ट मी नऊ वर्षं लोकांना सांगितली. ती आता उलट फिरून एकेकाला दुरुस्त करून सांगावी लागेल. सुरुवात मामीपासून केली. ती म्हणाली, 'मला माहीत होतं.' सगळ्यांनाच माहीत होतं गं. माहीत नसणारा मी एकटाच होतो. तेवढं एक मात्र मी खरंच एकट्याने केलं.

रविवारी सकाळी दहा वाजता येतोय. एकतीस तारखेला अजून अवकाश आहे, तोवर प्रत परत मागू नकोस. नाही आलो तर प्रकरण खुशाल काप आणि मला दाखव.

मिक्सर काढून ठेव.

तुझा,
दादा


२६ जुलै

(जुन्या वर्कशॉपच्या छापील कार्डावर)

यंत्र: मिक्सर.

तक्रार: काही नाही. उत्तम चालतो.

शेरा: फुलं काढली, पेटी घातली, प्रकरण कालच छापायला दिलं. रविवारची वाट बघितली नाही. मिक्सरला काही झालेलं नाही. तरी यावं.